गोळीतलं किती, आपण बनवलेलं किती

ॲस्पिरिनची बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर आत काय झालंय ते सांगायला यंत्र लागत नाही. ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल. ओल लागली की ते तुटतं. एकीकडे ॲसिटिक आम्ल सुटतं, तोच तो वास. दुसरीकडे सॅलिसिलिक आम्ल उरतं. पण नाक फक्त 'बिघडलंय' एवढं सांगतं, किती बिघडलंय ते नाही. ते सांगायचं तर दोन्ही आम्लं एकमेकांपासून सोडवून मोजावी लागतात, आणि ते काम एचपीएलसीवर होतं, म्हणजे द्रावण दाबाने एका भरलेल्या नळीतून ढकलून त्यातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर. ती नळी म्हणजे कॉलम, ढकलणारा द्रव म्हणजे मोबाइल फेज, निघणारा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम आणि पदार्थ बाहेर पडताना त्यावर उठणारा उंचवटा म्हणजे पीक.

यात गोम अशी की गोळीत जे तुटणं चालू होतं तेच आपल्या फ्लास्कमध्ये, सोनिकेटरमध्ये (आवाजाच्या लहरींनी पावडर विरघळवणाऱ्या पाण्याच्या टाकीत), यंत्राच्या ट्रेवर रात्रभर बसलेल्या व्हायलमध्येही, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटलीतही, चालू राहतं. शेवटी कागदावर जो आकडा येतो त्यात गोळीचा वाटा असतो आणि आपलाही. आपला वाटा जितका कमी, तितकं विश्लेषण खरं. बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हे काम जसं रोज होतं तसंच क्रमाने इथे लिहितोय. नमुना ७५ मिलिग्रॅमची साधी, आवरण नसलेली गोळी. अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, अशा साध्या गोळीला मोकळ्या सॅलिसिलिक आम्लाची मर्यादा ०.३ टक्के आहे. आवरणाच्या, आतड्यात विरघळणाऱ्या गोळीला तीच ३.० टक्के. दहापट फरक आहे, तेव्हा हातात कोणती गोळी आहे ते आधी लेबलवर वाचून घ्यायचं. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

एचपीएलसी यायच्या आधी हे काम रंगावर चालायचं. सॅलिसिलिक आम्लात फेरिक क्लोराइड घातलं की जांभळा रंग येतो. ॲस्पिरिनमधला तो फिनॉलचा गट ॲसिटिलने झाकलेला असतो, म्हणून त्याला रंग येत नाही. दोन नेस्लर नळ्या (रंग ताडून बघायच्या काचेच्या नळ्या) पांढऱ्या फरशीवर ठेवून वरून बघायचं, नमुन्याचा रंग स्टँडर्डपेक्षा, म्हणजे माहीत प्रमाणाच्या तुलनेच्या द्रावणापेक्षा, गडद नको. कच्चा माल आला की घाईचा अंदाज म्हणून ही चाचणी आजही करून बघावी, दोन मिनिटांचं काम आहे. लोखंडाशी असलेलं हे नातं पुढे कॉलमवर पुन्हा भेटेल.

पद्धतीचा सांगाडा युरोपियन फार्माकोपियातल्या कच्च्या ॲस्पिरिनच्या मोनोग्राफचा (त्या औषधाच्या मानकाच्या प्रकरणाचा) आहे, गोळीसाठी वेगळा पडताळून घेतलेला. सी-१८ कॉलम, म्हणजे अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या लावलेल्या सिलिकाने भरलेला, २५० मिलिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर व्यासाचा, ५ मायक्रॉनचे कण. प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर, तरंगलांबी २३७ नॅनोमीटर, इंजेक्शन १० मायक्रोलिटर, ओव्हन ३० अंश. मोबाइल फेजमध्ये फॉस्फोरिक आम्ल २, ॲसिटोनायट्राइल ४०० आणि पाणी ६०० भाग.

मोबाइल फेज करताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लिटरच्या फ्लास्कमध्ये ४०० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल ओतून खुणेपर्यंत पाणी भरणं. दोन्ही द्रव मिसळले की एकूण घनफळ आक्रसतं, म्हणजे खुणेपर्यंत पोहोचायला ६०० पेक्षा जास्त पाणी जातं. पाणी वाढलं की दोन्ही पीक उशिरा येतात आणि मग 'कॉलम बदलला का' अशी विचारणा सुरू होते. दोन्ही वेगवेगळ्या मेजरिंग सिलिंडरने मोजायचे आणि मग एकत्र करायचे. दुसरी गोष्ट, हे मिश्रण करताना बाटली हाताला गार लागते, कारण मिसळताना उष्णता शोषली जाते. गार मिश्रण तसंच पंपाला लावलं तर ते खोलीच्या तापमानाला येताना विरघळलेली हवा सोडतं आणि बुडबुडे पंपात जातात. म्हणून अर्धा तास ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावर, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून व्हॅक्यूमने गाळायचं आणि मग दहा मिनिटं डीगॅस करायचं. फिल्टर पीव्हीडीएफचा किंवा नायलॉनचा घ्यायचा. सेल्युलोज नायट्रेटचा घेतला तर ॲसिटोनायट्राइलमध्ये तो विरघळून चिकट होतो, आणि ती चिकटी पुढे कॉलमच्या तोंडाशी जाऊन बसते.

आम्लाचे ते २ मिलिलिटर दिसायला किरकोळ, पण सगळं वेगळं होणं त्यांच्यावर उभं आहे. ॲस्पिरिनचा पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ३.५ च्या आसपास, सॅलिसिलिकचा ३ च्या किंचित खाली. मोबाइल फेजमधल्या पाण्याचा पीएच २ च्या जवळ ठेवला की दोन्ही आम्लं बहुतांशी आयन न झालेल्या रूपात राहतात आणि सी-१८ ला धरून बसतात. आम्ल कमी पडलं, पीएच ३ कडे सरकला, की आधी सॅलिसिलिक ढिलं पडतं, कारण दोघांत जास्त तीव्र आम्ल तेच. ते लवकर बाहेर येतं, ॲस्पिरिनच्या जवळ सरकतं आणि त्याची शेपटी लांबते. म्हणून दोन पिकांमधलं अंतर कमी झालेलं दिसलं की कॉलमला हात लावायच्या आधी मोबाइल फेज पुन्हा करून बघायची. दहातल्या निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

इथे एक कोडं नवीन मुलांना हमखास पडतं. सॅलिसिलिक जास्त तीव्र आम्ल, रेणूही लहान, मग ते आधी यायला हवं. प्रत्यक्षात ॲस्पिरिन पाच मिनिटांच्या सुमारास येतं आणि सॅलिसिलिक त्याच्यानंतर, साधारण १.३ पट वेळेला. कारण सॅलिसिलिकमधला हायड्रॉक्सिल गट शेजारच्या कार्बॉक्सिलिक गटाशी आतल्या आत हायड्रोजन बंध बांधून बसतो. स्वतःतच गुंतलेल्या रेणूला पाण्याचं आकर्षण कमी राहतं आणि तो तेलकट कॉलमकडे जास्त ओढला जातो. आपल्या फायद्याची गोष्ट एवढीच की दोघांमध्ये भरपूर जागा मिळते. युरोपियन मोनोग्राफ या दोन पिकांमध्ये किमान ६.० रिझोल्यूशन (दोन पिकं किती सुटी आहेत त्याचं माप) मागतं. आकडा मोठा वाटतो, पण कॉलम धड असेल तर सहज मिळतो.

पाण्याबद्दल थोडं. बडोद्याच्या बोअरच्या पाण्यातले क्षार सगळ्यांना घरच्या गीझरवरून माहीत आहेत. ते प्रयोगशाळेत आरओ आणि आयन एक्स्चेंजने निघून जातात. क्षार नव्हे, सेंद्रिय घाण त्रास देते. शुद्ध पाण्याच्या यंत्रावर १८.२ मेगओहम दिसतं ते फक्त आयनांबद्दल सांगतं. तेच पाणी प्लॅस्टिकच्या कारबॉयमध्ये दोन दिवस पडून राहिलं की त्यात शेवाळाची सुरुवात होते आणि २३७ नॅनोमीटरला बेसलाइन (पीक नसतानाची आलेखाची रेघ) डुलायला लागते. त्या दिवशीचं पाणी त्या दिवशी, काचेच्या बाटलीत. मे महिन्यात तर यात सवलत नाहीच.

कॉलम लावला की लगेच इंजेक्शन मारायचं नाही. या मापाच्या कॉलममध्ये मोकळी जागा अडीच मिलिलिटरच्या आसपास असते. त्याच्या वीसपट मोबाइल फेज आतून जायला हवी, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटरने साधारण पन्नास मिनिटं. तेवढ्यात प्रेशरकडे लक्ष ठेवायचं. नेमका आकडा कॉलमागणिक वेगळा, पण तो स्थिर हवा. काटा खालीवर नाचत असेल तर पंपात हवा किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये घाण. आकडा हळूहळू चढत असेल तर गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा कॉलम) किंवा फ्रिट (कॉलमच्या टोकाची जाळी) तुंबतंय. ओव्हन बंद ठेवून 'एसी चालू आहे ना' म्हणून काम चालवणारे भेटतात. एक अंशाच्या फरकाने रिटेन्शन, म्हणजे पदार्थ कॉलममध्ये थांबण्याचा वेळ, साधारण १ ते २ टक्के हलतं. मकरपुऱ्यात दुपारी वीज जाऊन एसी अर्धा तास बंद राहिला की पिकं कशी चालत जातात ते क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवून बघावं.

आता नमुना. खरी काळजी इथे.

वीस गोळ्या वजन करायच्या. समजा २.४०० ग्रॅम भरल्या, म्हणजे सरासरी गोळी १२० मिलिग्रॅमची. खलात घोटायच्या, पण हलक्या हाताने आणि झटपट. जोरात घोटलं की खल तापतो, आणि पावसाळ्यात पावडर उघडी राहिली की हवेतली ओल ओढते. जुलैमध्ये बडोद्याच्या हवेत ओल किती असते ते वाळत न गेलेल्या कपड्यांना विचारा. घोटलेली पावडर लगेच बुचाच्या बाटलीत. गोळीत मॅग्नेशियम स्टिअरेट असेल तर आणखी घाई करायची, कारण ते किंचित अल्कधर्मी असतं आणि ॲस्पिरिनचं तुटणं वाढवतं. म्हणूनच ॲस्पिरिनच्या गोळीत वंगण म्हणून बहुधा स्टिअरिक आम्ल किंवा टाल्क वापरलेलं दिसतं.

पावडर २०० मिलिग्रॅम घ्यायची. त्यात १२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन येतं. ती ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम. विरघळवायला काय घ्यायचं हा या सगळ्या पद्धतीतला कळीचा निर्णय. मोबाइल फेज समोर तयार असते आणि हात तिच्याकडेच जातो. पण तिच्यात ६० टक्के पाणी आहे. आम्लयुक्त पाण्यात, पीएच २.५ च्या आसपास, ॲस्पिरिन सगळ्यात सावकाश तुटतं हे खरं, पण सावकाश म्हणजे थांबतं असं नाही. म्हणून ॲसिटोनायट्राइल ९९ भाग आणि फॉर्मिक आम्ल १ भाग. पाणी जवळपास नाही, आणि आम्ल असल्यामुळे पावडरमधल्या अल्कधर्मी घटकांनाही आवर बसतो. मिथेनॉल घेऊ नका. स्वस्त आहे, ॲस्पिरिन चांगलं विरघळतं, पण ते ॲसिटिल गट स्वतःकडे ओढून घेऊ शकतं आणि मग सॅलिसिलिक आपणच बनवत बसतो.

या द्रावकाचा एक तोटा आहे. मोबाइल फेजमध्ये ॲसिटोनायट्राइल ४० टक्के आणि नमुन्यात जवळजवळ १००. असा तीव्र द्रावक जास्त मारला तर सुरुवातीची पिकं पसरतात किंवा दुभंगतात. कुणी पीक मोठं दिसावं म्हणून १० च्या जागी ५० मायक्रोलिटर मारले, की ॲस्पिरिनच्या पिकाला खांदा फुटतो आणि तो खांदा 'नवीन इम्प्युरिटी' म्हणून फाइलमध्ये जातो. १० वर थांबा.

सोनिकेटर हा इथला छुपा गुन्हेगार. आवाजाच्या लहरींनी टाकीतलं पाणी तापतं. अर्ध्या तासात पंचविसाचं चाळीस अंश सहज होतं. त्यात बर्फाचे तुकडे टाकायचे आणि पंधरा मिनिटांवर थांबायचं, मध्ये दोन-तीनदा फ्लास्क हलवायचा. सगळं विरघळून पारदर्शक व्हायची वाट बघायची नाही, कारण स्टार्च आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळतच नाहीत. ते तळाला बसलेले दिसले म्हणून आणखी अर्धा तास सोनिकेट करणं म्हणजे ॲस्पिरिनला फुकट शिजवणं. खोलीच्या तापमानाला आणून खुणेपर्यंत भरायचं, नाहीतर बर्फातून काढल्या काढल्या भरलेलं नंतर खुणेच्या वर चढतं. मग ३००० आरपीएमवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून. पहिले ५ मिलिलिटर टाकून द्यायचे. फिल्टर सुरुवातीला थोडा पदार्थ स्वतःकडे ठेवून घेतो, आणि सॅलिसिलिक एवढं विरळ असताना ते दिसून येतं. नवीन प्रकारचा फिल्टर आला की स्टँडर्ड गाळून आणि न गाळता मारून बघायचं; दोन्हींतला फरक २ टक्क्यांच्या आत असेल तरच तो फिल्टर वापरात घ्यायचा.

स्टँडर्ड सोपं आहे. सॅलिसिलिक आम्ल ३७.५ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, त्यातले २ मिलिलिटर पुन्हा १०० मध्ये. मिलिलिटरला ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या बरोबर ०.३ टक्के. मर्यादेइतकंच स्टँडर्ड ठेवलं की क्रोमॅटोग्राम छापायच्या आधीच नजरेला निकाल कळतो: नमुन्याचं पीक स्टँडर्डच्या खाली तर पास.

क्रम असा लावायचा. आधी ब्लँक (नुसता द्रावक), मग रिझोल्यूशनसाठी दोन्ही आम्लांचं मिश्रण, मग स्टँडर्डची सहा इंजेक्शनं, मग नमुना, आणि शेवटी पुन्हा स्टँडर्ड. सहा इंजेक्शनांच्या क्षेत्रफळांचा आरएसडी (आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याचं माप) २.० टक्क्यांच्या आत, टेलिंग (पिकाच्या शेपटीचं माप) २.० च्या आत. सॅलिसिलिकचं टेलिंग वाढलं आणि ॲस्पिरिनचं नीट आहे असं दिसलं, तर तो जांभळा रंग आठवा. सॅलिसिलिक लोखंडाला पकडतं, आणि गंजू लागलेलं फ्रिट किंवा जुना कॉलम यांत मोकळं लोखंड असतं. फॉस्फोरिक आम्ल ते बरंच झाकून ठेवतं, तरी टेलिंग हटलं नाही तर गार्ड कॉलम बदलून बघायचा. पिकाच्या शेपटीवरून धातू ओळखणं हे शिकवून येत नाही, चार कॉलम खराब झाल्यावर येतं.

रनटाइमवर लोक वेळ वाचवायला बघतात. स्टँडर्डमध्ये फक्त सॅलिसिलिक, त्याला १२ मिनिटं पुरतात. नमुन्यालाही १२ च द्यायचा मोह होतो, कारण हवं ते पीक सात मिनिटांच्या आत येऊन गेलेलं असतं. पण ॲस्पिरिनमध्ये त्याच्या अडीच-तीन पट वेळेला येणारी अशुद्धी असते, आणि ॲसिटिलसॅलिसिलिक ॲनहायड्राइड तर साधारण सहा पट वेळेला येतं, म्हणजे तिसाव्या मिनिटाच्या आसपास. रन बाराव्या मिनिटाला तोडला तर ते पीक पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या इंजेक्शनमध्ये रुंद टेकाडासारखं उगवतं, आणि ते सॅलिसिलिकच्या खाली आलं की आकडा कारण नसताना चढतो. नमुन्याला ३५ मिनिटं द्या. शंका आली तर टेकाडाची रुंदी बघा. सात मिनिटांच्या पिकाशेजारी त्याच्या तिप्पट रुंद पीक दिसलं तर ते आधीच्या इंजेक्शनचं आहे हे नक्की.

नमुन्यात ॲस्पिरिनचं पीक डोक्यावर सपाट दिसेल. डिटेक्टरची मर्यादा ओलांडलेली असते. सॅलिसिलिक मोजायला त्याने बिघडत नाही. फक्त त्याच इंजेक्शनवरून ॲसे, म्हणजे गोळीत एकूण ॲस्पिरिन किती ते, काढू नका. ॲसेसाठी ५ मिलिलिटरचे ५० करून वेगळं मारायचं. इंटिग्रेशन (पिकाचं क्षेत्रफळ मोजणं) करताना ॲस्पिरिनच्या शेपटीवर सॅलिसिलिकचं पीक बसलं असेल तर बेसलाइन कशी धरायची ते पद्धतीत आधी लिहिलेलं हवं आणि स्टँडर्डला, नमुन्याला सारखंच हवं. निकाल मर्यादेजवळ आला की माउसने बेसलाइन थोडी वर उचलणं किती सोपं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या बदलांच्या नोंदीत, तो माउस वेळेसकट दिसतो.

हिशोब. पावडर प्रत्यक्षात २०१.३ मिलिग्रॅम भरली, म्हणजे ॲस्पिरिन १२५.८ मिलिग्रॅम. स्टँडर्डचं सरासरी क्षेत्रफळ १,५०,००० आणि नमुन्याचं ९६,००० धरू. ९६ भागिले १५० गुणिले ७.५ म्हणजे मिलिलिटरला ४.८ मायक्रोग्रॅम. गुणिले ५० म्हणजे ०.२४० मिलिग्रॅम. भागिले १२५.८, गुणिले १०० म्हणजे ०.१९ टक्के. स्टँडर्डची शुद्धता १०० नसेल तर तिने गुणायचं, हे विसरलं जातं.

आता सुरुवातीचा प्रश्न. या ०.१९ मधलं गोळीतलं किती? तीच व्हायल, ५ अंशांवर ठेवलेली, सहा तासांनी पुन्हा मारायची. समजा ०.२२ आलं. सहा तासांत ०.०३ वाढलं, म्हणजे तासाला ०.००५. विरघळवल्यापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत दोन तास गेले असतील तर आपला वाटा निदान ०.०१, आणि सोनिकेटरमधला काळ, बर्फ असला तरी, ५ अंशांपेक्षा गरम असल्यामुळे त्याहून जास्त. रिपोर्टमध्ये मात्र रेघ मागे ओढून काढलेला आकडा लिहायचा नाही. जे मोजलं ते लिहायचं, आणि द्रावण किती तास चालतं ते आधी पडताळून त्या वेळेच्या आत मारायचं. मागे ओढलेली रेघ उपयोगी पडते ती नमुना नापास झाल्यावर, तपासात. ०.३२ आलेला नमुना ट्रेवर नऊ तास बसला होता का, ट्रेचा कूलर चालू होता का, हे आधी बघायचं. पण 'आपल्यामुळेच वाढलं असेल' म्हणून नवीन द्रावण करून पास झालेला आकडा लावणं चालणार नाही. कारण कागदावर सिद्ध व्हावं लागतं, आणि तोपर्यंत ०.३२ हाच निकाल.

प्लांटवरून फोन येतो तो गुजरातीत आणि नेहमी एकच विचारतो, बॅच निघाली का. फ्लास्क बर्फात असताना फोन उचलू नये.

काम संपल्यावर कॉलममध्ये आम्ल ठेवून घरी जायचं नाही. पीएच २ च्या आम्लात रात्रभर राहिलं की सिलिकावरची सी-१८ ची साखळी हळूहळू सुटते, आणि महिन्याभरात रिटेन्शन कमी होत जातं. पाणी ९० आणि ॲसिटोनायट्राइल १० असं अर्धा तास, मग ॲसिटोनायट्राइल ७० आणि पाणी ३० असं आणखी अर्धा तास. दोन्ही टोकांना प्लग घट्ट लावायचे. कॉलमच्या डब्यावर आजची तारीख, एकूण इंजेक्शनं आणि शेवटच्या स्टँडर्डचं टेलिंग लिहायचं.